घटस्थापनेपर्यंत थांबू

अमेरिकेत आमच्या ट्रॉयच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. आत आईचं, आणि गॅरेजमध्ये बाबांचं. आई पुण्याची, घरात अंडंसुद्धा न आणू देणारी. बाबा नागपूरचे, रविवारी सावजी मटण मिळालं नाही तर सोमवारी ऑफिसात लोकांवर खेकसणारे. लग्न ठरताना म्हणे दोघांचा तह झाला होता: खुशाल खा, पण माझ्या भांड्यांत नाही. पुण्यात असताना बाबांनी तो तह हॉटेलात जाऊन पाळला. मिशिगनला आल्यावर गॅरेज मिळालं आणि त्यांना राज्य मिळाल्यासारखं झालं. तिथे त्यांनी एक शेगडी, दोन मोठी पातेली आणि एक म्हातारा मिक्सर असा संसार थाटला. रविवारी सकाळी गॅरेजचं दार अर्धं वर उचललेलं असायचं आणि त्याखालून मसाल्याचा धूर आणि बाबांच्या शिंका एकदमच बाहेर पडायच्या. बाहेर बर्फ असो नाहीतर ऊन, दार उघडंच. शेजारचे आजोबा कुत्र्याला घेऊन निघाले की कुत्रा आमच्या दारासमोर बसकण मारायचा आणि काही केल्या उठायचा नाही. आई आतून ओरडायची, "अहो, दार लावा, हीटिंग सगळं बाहेर चाललंय!" बाबा म्हणायचे, "धूर आत येऊ देऊ का मग?"

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. दहाव्या वर्षी पुण्याहून आले, त्यामुळे मराठी शाबूत राहिलं. आणि राहिलं नसतं तरी आईनं ठेवलं असतं, कारण इंग्रजीत उत्तर दिलं की ती ऐकू न आल्यासारखं करायची. आता तिचं तेव्हाचं वय मी केव्हाच ओलांडलं आहे आणि माझ्या मुलांना मीही तसंच छळलं आहे. आई-बाबांबद्दल पुष्कळ सांगता येईल, पण या प्रकरणात मला एकाच हिवाळ्याबद्दल लिहायचं आहे. लिहायचं टाळत इथवर आले होते.

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. आमच्या घरात देवाधर्माचं प्रस्थ नव्हतं. बाबा तर उघडच म्हणायचे, "आपण काही मानत नाही." तरी भाद्रपदातल्या पितृपंधरवड्यात आजोबांच्या तिथीला आई खीर-वडे करायची आणि बाबा मागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर पान ठेवून यायचे. ट्रॉयमध्ये कावळे नव्हते असं नाही, पण आमच्याकडे यायचे नाहीत. यायची ती खार. ती आधी वडा पळवायची, मग खिरीत तोंड घालायची. बाबा काचेच्या दाराआडून बघत म्हणायचे, "आले बघा आमचे अण्णा. जिवंतपणी वडे बंद केले होते डॉक्टरनं, आता हाणताहेत." आम्ही सगळे हसायचो. मानत कुणीच नव्हतं, पण पान चुकवायची हिंमतही कुणात नव्हती. आमच्यासारखी बहुतेक घरं अशीच होती.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक चर्च होतं. मराठी मंडळ त्याचं तळघर भाड्यानं घ्यायचं. रविवारी दुपारी मराठी शाळा, गणपतीच्या आधी नाटकाच्या तालमी. त्या तळघराच्या किल्ल्या मार्गारेटकडे असायच्या. सत्तरीच्या पुढची, उंच, हडकुळी बाई. नर्स म्हणून निवृत्त झालेली. आमचे उकडीचे मोदक ती काट्याचमच्यानं खायची आणि प्रत्येक वेळी विचारायची, की याच्या आत नारळ घातला कसा. त्या वर्षी उन्हाळ्यात तिनं आईला गाठलं. म्हणाली, तरुणपणी आमच्या चर्चनं कितीतरी निर्वासित कुटुंबं आणून वसवली. तेव्हा मोठ्या संस्थेच्या हाताखाली काम करावं लागायचं. आता नवी सोय झाली आहे, साधी शेजारीपाजारी माणसंसुद्धा गट करून एखाद्या कुटुंबाला स्पॉन्सर करू शकतात. पाच प्रौढ माणसं लागतात. "आम्ही आता दोघंच उरलोय," ती म्हणाली. "बाकीच्यांना मी पुरून आलेय. तुमच्यापैकी तिघं येता का?"

आई घरी आली ती ठरवूनच आली. बाबांनी नेहमीप्रमाणे आधी नाही म्हणून पाहिलं. आपलंच ग्रीन कार्ड आत्ता कुठे हातात आलंय, आपण कुणाला आणणार, वगैरे. आईनं भांडी घासता घासता पाणी बंद केलं. "मी पहिल्यांदा डेट्रॉइटला उतरले तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये होतात," ती म्हणाली. "ही पोरगी झोपेनं कलंडत होती, चार बॅगा, फोन चालत नव्हता. त्या सामानाच्या पट्ट्याशेजारी किती वेळ उभी होते मी! सगळ्यांना घ्यायला कोणी ना कोणी येत होतं. तेव्हा मला वाटलं होतं, आपण इथे मेलो तरी कुणाला कळणार नाही." बाबांनी तिच्या हातातलं ताट घेऊन पुसलं. मग म्हणाले, "बरं, सही कुठे करायची ते सांग."

पाचवी झाली आमच्या मागच्या गल्लीतली प्रतिभाकाकू. कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर, आणि घरातही प्रोजेक्ट मॅनेजर. मार्गारेटचे चर्चमधले सोबती म्हणजे एक अबोल गृहस्थ, ज्यांच्याकडे पिकअप ट्रक होता आणि ज्यांना आम्ही आपापसांत ट्रकवाले आजोबा म्हणायचो. उन्हाळाभर हे पाचजण आमच्या डायनिंग टेबलाभोवती बसले. पाचांचीही पोलीस-चौकशी झाली. ऑनलाइन ट्रेनिंग झालं. त्यात शेजारच्या गावातल्या एका चर्चचा गटही होता. आलेल्या माणसांना विमानतळावर घ्यायचं, घर लावून द्यायचं, मुलांना शाळेत आणि आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यायचं, काम शोधून द्यायचं, बस कशी पकडायची ते शिकवायचं, आणि ती आपल्या पायावर उभी राहिली की बाजूला व्हायचं. हे सगळं कोण कसं करणार याचा आराखडा द्यावा लागायचा. पैसे जमवणं त्यातल्या त्यात सोपं गेलं. गणपतीत काकूनं तळघरात वडापाव विकले आणि चर्चनं थाळी फिरवली.

सगळं तयार झालं तेव्हा गणपती जाऊन दोन-तीन दिवस झाले होते. शनिवारची दुपार. टेबलावर लॅपटॉप, भोवती पाचजण, मी चहा गाळत होते. आता फक्त बटण दाबून अर्ज पाठवायचा होता. प्रतिभाकाकूनं बोट पुढे नेलं आणि आई सहज बोलून गेली, "अगं, पण पंधरवडा चालू झालाय ना."

काकूचं बोट हवेतच राहिलं. "मी काही मानत नाही हं," ती म्हणाली.

"मी तरी कुठे मानते!" आई म्हणाली. "आपलं आठवलं म्हणून बोलले."

"मानायचा प्रश्नच नाही," बाबा म्हणाले. "पण माणसांच्या आयुष्याचं काम आहे. कशाला उगाच? घटस्थापनेपर्यंत थांबू ना, बाप्पा. इतकी वर्षं थांबले ते लोक, पंधरा दिवसांनी काय होते?"

"तेच म्हणते मी," काकू म्हणाली. "उद्या काही झालं तर आपल्याच मनाला खात राहील."

मार्गारेट एकाकडून दुसऱ्याकडे बघत होती. आईनं तिला इंग्रजीत समजावलं, की हा आमच्या पूर्वजांचा पंधरवडा असतो, यात नवं काम सुरू करत नाहीत. मार्गारेटनं छातीवर हात ठेवला. "अर्थातच," ती म्हणाली. "तुमच्या पूर्वजांचा मान आधी." आणि तिनंच हलक्या हातानं लॅपटॉप मिटला. मी सगळ्यांना चहा दिला. आल्याचा चहा छान झाला होता, सगळ्यांनी पुन्हा मागितला.

घटस्थापनेच्या दिवशी आईनं लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं आणि काकूनं बटण दाबलं. बाबांनी टाळ्या वाजवल्या.

नोव्हेंबरात अमेरिकेची निवडणूक होऊन गेल्यावर आम्हाला कुटुंब नेमून दिलं गेलं. दोघीच होत्या. झोहरा, आईपेक्षा थोडी लहान, काबूलमध्ये गणित शिकवायची. आणि तिची मुलगी नर्गिस, माझ्याएवढीच. नवरा गेला होता. कसा, ते आम्ही विचारलं नाही. दोघी इस्लामाबादला एका खोलीत राहत होत्या आणि तिथल्या सरकारनं दिलेली मुदत प्रत्येक वेळी संपत येऊन कशीबशी वाढत होती. सगळ्या तपासण्या, मुलाखती, डॉक्टर, सगळं होऊन त्यांचे कागद केव्हापासून तयार होते. फक्त घ्यायला कुणी हवं होतं. त्यांना थोडंफार उर्दू येत होतं आणि आईला पुण्याचं हिंदी, म्हणून बोलायचं काम आईकडे आलं. सकाळी मी सीरियल खात असताना टेबलावर फोन उभा केलेला असायचा. आपल्याकडे सकाळ तेव्हा त्यांच्याकडे संध्याकाळ. झोहरा कायम डोकं झाकून, भिंतीला टेकून बसलेली. आई तिला विचारायची, "आप क्या खाते हैं? हमको सब बताओ, हम सब सीखेगा." झोहरा हसायची आणि तोंडावर हात घ्यायची.

नियमच असा होता, की आलेल्या पाहुण्यांना पहिलं जेवण गरम आणि त्यांच्या पद्धतीचं द्यायचं. काकू म्हणाली, डिअरबॉर्नहून पार्सल आणू. आई उखडली. "घरी येणाऱ्या माणसाला पहिलं जेवण हॉटेलचं? शोभतं का आपल्याला?" झालं, बाईनं काबुली पुलाव शिकायचा चंग बांधला. आणि काबुली पुलाव मटणाशिवाय होत नाही. जिनं जन्मात अंडं फोडलं नव्हतं ती माझी आई नाकाला रुमाल बांधून गॅरेजमध्ये बाबांच्या शेगडीपुढे उभी राहिली. शेगडीशेजारी फोन, फोनमध्ये झोहरा. "पहले गोश्त को भूनो, बहनजी. और भूनो. डरो मत." आई डोळे अर्धे मिटून परतत होती. बाबा मागे हातात वाटी घेऊन उभे. "अगं हलव, हलव, ते तुला चावणार नाही." गाजराचे लांब काप, तुपात फुगलेले बेदाणे, वरून वेलची. पहिल्यांदा गिचका झाला, दुसऱ्यांदा करपला. मग दर शनिवारी रंगीत तालीम. बेदाण्यांचा तो गोड वास आमच्या जॅकेटांना, गाडीला, माझ्या शाळेच्या बॅगेलासुद्धा लागला होता. शेवटी बाबाच म्हणाले, "एखाद्या शनिवारी वरणभात कर वो. त्या लोकांना नाही कळणार." आई पुलावची चव घेत नव्हती, कशी घेईल? ती आमच्या तोंडाकडे बघायची. नाताळच्या सुमारास बाबांनी एक दिवस खाली मान घालून दोनदा वाढून घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "जमलं."

नर्गिसचं आणि माझं वेगळं चालायचं. ती मला व्हॉइस मेसेज पाठवायची, अर्धे इंग्रजीत, अर्धे उर्दूत. तालिबान आले आणि सातवीतच तिची शाळा बंद झाली होती. पुढचं सगळं आईनं घरी आणि फोनवर शिकवलेलं. मला कंटाळवाण्या वाटणाऱ्या सगळ्या गोष्टी ती विचारायची. लॉकर कसं उघडतं? केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये मुलींना खरंच हात लावू देतात का? वर्गात प्रश्न विचारला तर कुणी रागावतं का? मी तिला सांगायचे, अगं यार, इथे प्रश्न विचारला नाही तर रागावतात. आमच्या शाळेच्या काउन्सेलरनं तिला अकरावीत घ्यायचं कबूल केलं होतं. आम्ही अपार्टमेंट घेतलं तेव्हा तिनं एकच गोष्ट विचारली: "खिड़की है?" होती. खिडकीतून पार्किंग आणि एक बोडकं मेपलचं झाड दिसायचं. मी फोटो पाठवला. ट्रकवाल्या आजोबांनी कुठूनसं एक टेबल आणलं होतं, ते आम्ही त्या खिडकीशी लावलं. त्याचाही फोटो पाठवला. तिनं तो स्वतःचा प्रोफाइल फोटो करून ठेवला. मला तेव्हा हसू आलं होतं.

तिकिटं जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याची निघाली. तोवर आमच्यासारख्या अनुभव नसलेल्यांना कळावं म्हणून मार्गारेटनं एक बेत केला. त्या शेजारच्या गावातल्या गटाचं कुटुंब नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात येणार होतं. आपणही विमानतळावर जाऊन बघू, स्वागत कसं करतात. आम्ही गेलो. आईनं पिशवीत भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेतला होता. दूरचं माणूस पहिल्यांदा घरात येतं तेव्हा तुकडा ओवाळून टाकतात ना, त्याची तालीम करायची होती तिला. काकूनं तिला गाडीतच दटावलं, "एअरपोर्टवर भाकरी फेकलीस तर पोलीस धरून नेतील." मग दाराशी ती माणसं आली. नवरा-बायको आणि तीन पोरं, सगळ्यांच्या हातात सारख्याच पांढऱ्या पिशव्या. धाकटीला बुटांचे बंद बांधता येत नव्हते, ते लोळत होते. पुठ्ठ्यावर आपलं नाव लिहिलेलं बघून तो नवरा उभ्या जागी रडायला लागला. आई तर ओळख ना पाळख, त्या बायकोच्या गळ्यातच पडली. परतताना ती गाडीत सारखी म्हणत होती, "आता पुढचा नंबर आपला." इतकी आनंदात मी तिला त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही.

त्या गटानं अर्ज कधी पाठवला होता हे परतीच्या वाटेवर मार्गारेटनं सांगितलं, सहज, रस्ता बघत. आमच्या डायनिंग टेबलावर लॅपटॉप मिटला त्याच शनिवारी. तेव्हा त्यात कुणालाच काही वाटलं नाही.

नवं सरकार आलं, त्यानं त्याच आठवड्यात निर्वासितांना आणणं बंद केलं आणि विमानं थांबली. बाबा आदल्या दिवसापर्यंत म्हणत होते, "तिकिटं निघाली आहेत ना? निघालेली तिकिटं कोण रद्द करते?" त्या दुपारी आई गॅरेजमध्येच होती. येणाऱ्यांसाठी शेवटची तालीम म्हणून तांदूळ भिजत घातले होते, गाजरं चिरून झाली होती. मी शाळेतून येऊन स्टुलावर बसले होते. अर्ध्या उघड्या दाराखालून मार्गारेटचे बूट दिसले. ती वाकून आत आली, तिच्या टोपीवर बर्फ होता. ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, "या या, चव बघा."

"कॅन्सल केलं," मार्गारेट म्हणाली. "सगळ्यांचीच."

"म्हणजे पुढच्या आठवड्यात?"

मार्गारेटनं मान हलवली.

"मग कधी?"

मार्गारेटनं टोपी काढून हातात धरली. ती इतकी वर्षं नर्स होती, वाईट बातमी कशी सांगायची हे तिला माहीत असणार. पण ती टोपीवरचा बर्फच झटकत राहिली. आईनं शेगडी बंद केली. परत लावली. परत बंद केली. मग भिजलेले तांदूळ चाळणीत ओतले आणि ते हातानं उगाच सारखे करत बसली. मला इतका राग आला होता की काय सांगू. कुणावर, ते मलाही कळत नव्हतं.

नर्गिसचा मेसेज संध्याकाळी आला. तिकडे पहाट असणार. त्यांनी खोली सोडली होती. भांडी, पंखा, गाद्या, सगळं शेजाऱ्यांना देऊन टाकलं होतं, कारण विमानात नेता येत नाही. दोन बॅगा घेऊन त्या एका ओळखीच्या बाईकडे दोन दिवसांपुरत्या आल्या होत्या. "अब कहाँ जाएँ?" ती विचारत होती. मागे झोहराचा आवाज येत होता, ती तिला म्हणत होती, त्यांना त्रास देऊ नकोस.

पुढचे महिने आई फोनवरच असायची. खासदाराच्या ऑफिसात, वकिलांकडे, जिथून आशा दिसेल तिथे. सगळीकडे माणसं सौजन्यानं बोलायची आणि काहीच व्हायचं नाही. कोर्टात कुणी गेलं, कोर्टानं काही म्हटलं की आई धावत येऊन सांगायची, दोन दिवसांनी पुन्हा सगळं थंड. तिकडे पाकिस्तानात पोलीस घरोघर फिरून अफगाणांना उचलत होते. झोहरा आणि नर्गिस आज या घरी, उद्या त्या घरी. फोनमध्ये मागची भिंत दर वेळी वेगळी दिसायची. झोहरा अजूनही आईला विचारायची, बहनजी, पुलाव कैसा बना? आई म्हणायची, अच्छा बना, आप आओ, फिर देखो.

अपार्टमेंट शेवटी सोडावंच लागलं. ते आवरायला आम्ही सगळे गेलो. पलंगांवरच्या रजया अजून घडीच्या होत्या, तांदळाचं पोतं न उघडलेलं. काकू खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती आणि तिचा आवाज एकदाही चढला नाही, म्हणजे बघा. आई खिडकीशी त्या टेबलापाशी उभी होती. ती एकदम इंग्रजीत म्हणाली, "त्या पंधरा दिवसांमुळे झालं."

"तसं कुणीच सांगू शकत नाही," मार्गारेट म्हणाली.

"त्या दिवशी तू मला बोलली का नाहीस? बटण दाब म्हणून?"

मार्गारेट खरोखर गोंधळली. "तो तुमचा पवित्र काळ होता. तुमच्या श्रद्धेच्या आड मी कशी येणार?"

"आमची नाहीये गं श्रद्धा," आई म्हणाली. "आम्ही कुणीच मानत नाही."

मार्गारेट तिच्याकडे बघत राहिली. मग काकूकडे, मग बाबांकडे. "मग का थांबलात?" तिनं विचारलं. त्यात राग नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. बाबा खिशात किल्ल्या शोधायला लागले. काकूनं चिकटपट्टीचं टोक शोधायला घेतलं. आजही कुणी मला हे विचारलं तर मी काय सांगणार? कशाला उगाच, म्हणून थांबलो. आमच्या घरात देवाला नाही, पण या "कशाला उगाच"ला सगळे घाबरायचे.

शेवटचा मेसेज मे महिन्यात आला, माझ्या ग्रॅज्युएशनच्या आठवड्यात. कसल्यातरी ट्रकमध्ये होत्या त्या, इंजिनाचा आवाज मोठा, एक लहान मूल रडत होतं. नर्गिस म्हणाली, की त्यांना परत अफगाणिस्तानच्या सरहद्दीकडे नेत आहेत. मग इंग्रजीत म्हणाली, टेबल दुसऱ्या कुणाला देऊन टाक, चांगलं टेबल आहे. त्यानंतर तो नंबर कधी लागला नाही. आम्ही पाठवलेले मेसेज पोहोचले नाहीत. त्यांच्या ओळखीच्या बाईचा नंबर लागला, तिला काही माहीत नव्हतं. आईनं शोधायचं सोडलं नाही, पण शोधायचं कुठे?

आणि भाद्रपद परत आला. सर्वपित्री अमावास्येला मी कॉलेजातून घरी आले होते. ज्यांच्या जाण्याची तिथी माहीत नसते त्यांचं पान या दिवशी वाढतात, हे आई मला लहानपणापासून सांगत आली होती. घरात शिरले तर बेदाण्यांचा वास. ओट्यावर अण्णांचं पान होतं, शेजारी आजीचं. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी. आणि तिसरं पान. त्यात पुलाव, मटण न घातलेला, गाजराचे काप नीट मांडून. बाबा सोवळं नेसून बाहेर आले, त्यांनी ते पाहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आईवर ओरडताना ऐकलं. "हे काय आहे? तुला कोणी सांगितलं त्या मेल्या म्हणून? कोणी सांगितलं?"

आई ओट्याकडे वळली. "नाही, नाही," ती म्हणाली. "चुकलंच माझं. जिवंत आहेत. जिवंतच आहेत." तिनं पान उचललं आणि पुलाव परत पातेल्यात ओतला, ताटाला चिकटलेलं शीत न् शीत बोटानं निपटून. मग ती तिथेच फरशीवर बसली. बाबा दोन पानं घेऊन डेकवर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. तो पुलाव आम्ही कुणीच खाल्ला नाही.

त्यानंतर आईनं पुलाव कधी केला नाही, आणि तिसरं पान वाढलं नाही. दर वर्षी मात्र दोन पानं वाढून झाली की ती क्षणभर ओट्यापाशी घुटमळायची. गॅरेजमधली शेगडी बाबांनी पुढे काढून टाकली. मार्गारेट गेली, चर्चच्या जागी आता दुसरंच काहीतरी उभं आहे. काकू मुलाकडे सांता क्लाराला गेली, ती फोनवर सगळ्या विषयांवर बोलते, या एका विषयावर नाही. नर्गिस असेल तर माझ्याच वयाची, तिचेही केस पांढरे झाले असतील, गुडघे दुखत असतील.

आई आणि बाबा, दोघंही आता नाहीत. त्यांच्या तिथ्या मला माहीत आहेत, तरी सोयीचं पडतं म्हणून मी दोघांची पानं सर्वपित्रीलाच वाढते. मीही काही मानत नाही. दोन पानं वाढून होतात, खार कठड्यावर येऊन वाट बघत बसते, आणि मी तिसरं ताट हातात घेऊन उभी राहते. वाढलं तर त्या दोघी गेल्या असं म्हटल्यासारखं होईल. नाही वाढलं, आणि खरंच गेल्या असतील, तर त्यांच्यासाठी जगात कुठेच पान वाढलेलं नसेल. दर वर्षी मी ते ताट तसंच, रिकामं, परत मांडणीत ठेवते.